कवयित्रीचा माग : बुधवार पेठ ते गंज पेठ

युरोपातील अनेक जुन्या शहरांच्या मध्यवर्ती चौकात राजाचा किंवा सेनापतीचा नव्हे, तर कवीचा पुतळा उभा आहे. मॉस्कोमध्ये १८८० मध्ये पुश्किनचा पुतळा उभारला गेला तेव्हा दोस्तोयेव्हस्कीने त्याच्यावर केलेले भाषण रशियन वाङ्मयाच्या इतिहासात नोंदले गेले, आणि क्राकूव्हच्या बाजारचौकात १८९८ मध्ये बसवलेला मित्स्कियेविच या पोलिश कवीचा पुतळा नाझी सैन्याने १९४० मध्ये फोडल्यावर त्या शहराने तो १९५५ मध्ये पुन्हा त्याच जागी उभा केला. ज्या समाजाला स्वतःचे राज्य नव्हते त्यानेही आपली भाषा जपणाऱ्या कवीला चौकाचे मानाचे स्थान द्यावे, असा या परंपरेचा अर्थ आहे. पुण्याच्या जुन्या पेठांत असा चौक शोधू गेल्यास तो सरळपणे सापडत नाही. कारण येथील चौक देवळांनी, वाड्यांनी आणि बाजारांनी घडवलेले आहेत आणि पुतळ्यांची प्रथाही येथे उशिरा आली. तरीही बुधवार पेठेतील एका जागेपासून निघून गंज पेठेतील एका अंगणापर्यंत पायी गेले, तर एका मराठी कवयित्रीचे स्मारक पाहता येते. ही कवयित्री म्हणजे सावित्रीबाई फुले. मात्र या दोन्ही ठिकाणी येणारा बहुतेक प्रत्येक माणूस शिक्षिकेला वंदन करायला येतो आणि कवयित्रीची ओळख न होताच परत जातो.

बुधवार पेठेचा हा भाग पेशवाईच्या उत्तरकाळापासून शहराच्या व्यवहाराचे केंद्र राहिला आहे. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा याच परिसरात होता आणि तो १८७९ च्या आगीत नष्ट झाला. नाना फडणविसांचे बेलबागेतील विष्णुमंदिर, ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी, पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेला अप्पा बळवंत चौक आणि दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर ही सारी स्थाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. या गणपती मंदिरासमोर, शिवाजी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. त्या वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला, विवाह १८४० मध्ये जोतीरावांशी झाला, आणि अक्षरओळख सासरी, पतीच्या प्रयत्नाने झाली. म्हणजे जी स्त्री १८४८ मध्ये मुलींना मुळाक्षरे शिकवत होती, तिने स्वतःही ती थोड्याच वर्षांपूर्वी गिरवली होती. हा तपशील पुढे तिची कविता वाचताना मनात ठेवावा लागतो.

भिडे वाड्याची मूळ इमारत आता नाही. दीर्घ काळ चाललेल्या न्यायालयीन वादानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे मार्ग मोकळा झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण वास्तू उतरवण्यात आली, त्या जागी मुलींच्या पहिल्या शाळेचे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचा निर्णय झालेला आहे. इमारत गेल्यामुळे इतिहास गेला असे येथे म्हणता येत नाही, कारण या जागेचे महत्त्व तिच्या लाकडी खांबांत कधीच नव्हते, ते त्या खांबांमध्ये बसून पाटीवर अक्षर काढणाऱ्या मुलींत होते. तरीही पाहणाऱ्याच्या मनात एक उणीव राहते. जुना वाडा उभा होता तेव्हा त्याच्या अरुंद दारातून आत जाणाऱ्या तरुण शिक्षिकेची कल्पना करणे सोपे होते. मोकळ्या जागेसमोर ती कल्पना करण्यासाठी वाचलेले काहीतरी सोबत आणावे लागते.

येथून गंज पेठेपर्यंतचा रस्ता सावकाश चालल्यासही अर्ध्या तासापेक्षा फारसा वेळ घेत नाही. सावित्रीबाईंना या पेठांतून शाळेत जाताना लोकांनी शेण आणि दगड मारले, म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही हकिकत मराठी वाचकाला शालेय पुस्तकांपासून माहीत आहे. तिच्या मागची सामाजिक परिस्थिती मात्र थोडी उलगडून सांगायला हवी. स्त्रीने शिकणे हे त्या काळच्या उच्चवर्णीय समजुतीनुसार कुटुंबावर अरिष्ट आणणारे होते आणि शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील स्त्रीने शिकवणे तर शास्त्राचे उल्लंघन समजले जाई. या दडपणापुढे जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनाही १८४९ मध्ये मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढावे लागले. जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, आणि फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या शिक्षणकार्यातील सहकारी झाल्या.

वाटेत महात्मा फुले मंडई लागते. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी वास्तू १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झाली, आणि तिला फुले यांचे नाव मिळाले ते पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने. पुण्यात पुतळ्याचे राजकारण कसे असते याचा मोठा धडा याच मंडईच्या परिसराशी जोडलेला आहे. येथे १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याला कडवा विरोध झाला. त्या वादातून दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक १९२५ मध्ये निघाले, त्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला आणि त्या खटल्यात आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. ज्या शहराने जोतीरावांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनीही त्यांच्या पुतळ्याला जागा देण्यास खळखळ केली, त्या शहरात त्यांच्या पत्नीच्या कवितेची आठवण कोणी ठेवावी, असा प्रश्न त्या काळी कुणाच्या मनातही आला नसावा.

मंडईच्या पुढे पूर्वेकडे वळल्यावर पेठांचे रूप बदलते. पेशवाईतील सरदारांचे वाडे मागे पडतात आणि कारागिरांच्या, व्यापाऱ्यांच्या, माळी आणि इतर कष्टकरी जातींच्या वस्त्या सुरू होतात. आज महात्मा फुले पेठ असे अधिकृत नाव असलेल्या आणि बोलण्यात अजून गंज पेठच राहिलेल्या या भागात फुले वाडा आहे. वाडा हा शब्द ऐकून चौसोपी, दुमजली, नक्षीदार दरवाजाची वास्तू डोळ्यांसमोर आणू नये. हे उतरत्या कौलारू छपराचे, पुढे अंगण असलेले साधे बसके घर आहे. राज्य सरकारने ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले असून या परिसराला समताभूमी म्हणतात. खोल्यांत फुले दांपत्याच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे लावलेली आहेत, अंगणात जोतीरावांचा पुतळा आहे, विहीर आहे, आणि एक वृंदावन आहे. जवळच सावित्रीबाईंचे स्वतंत्र स्मारक असून ही दोन्ही स्थाने जोडून मोठा परिसर करण्याची योजना आहे.

या अंगणातील पाणी आणि हे वृंदावन या दोन गोष्टींपाशी थांबणे आवश्यक आहे. ज्या काळात अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावता येत नव्हता त्या काळात, १८६८ मध्ये, फुले दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. वृंदावनाची कथा अधिक व्याकूळ करणारी आहे. आपले शव दहन न करता मिठात घालून घरामागच्या जागेत पुरावे, अशी जोतीरावांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी खड्डाही खणवून ठेवला होता; परंतु २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा नगरपालिकेने वस्तीत दफन करण्यास परवानगी नाकारली आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेताच्या पुढे धरायचे अग्नीचे मडके, सावित्रीबाईंनी स्वतः धरले. हा मान परंपरेने पुत्राचा किंवा पुरुष वारसाचा असतो. येथे तो पत्नीने घेतला. नंतर जोतीरावांच्या अस्थी याच आवारात ठेवल्या गेल्या आणि त्यांवर हे वृंदावन आले.

आता प्रश्न उरतो तो कवयित्रीचा. सावित्रीबाईंचा पहिला काव्यसंग्रह ‘काव्यफुले’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. या सनाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी तो इतर सनांशेजारी ठेवून पाहावा लागतो. मुंबई–ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते, मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यास तीन वर्षे अवकाश होता, आणि मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये यायची होती. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या केशवसुतांचा जन्मच १८६६ मधला आहे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई, वेणाबाई अशी संत कवयित्रींची समृद्ध परंपरा मराठीत होती, पण तिच्यातील स्त्रीने बोलायचे ते देवाशी, गुरूशी किंवा स्वतःच्या देहभोगाशी. छापील पुस्तकातून, आपल्या समाजाला उद्देशून, शाळा, इंग्रजी भाषा, जात आणि शेतकऱ्याचे अज्ञान या विषयांवर कविता लिहिणारी स्त्री सावित्रीबाईंच्या आधी मराठीत दिसत नाही. तरीही वाङ्मयाच्या इतिहासात आधुनिक कवितेचे प्रकरण बहुधा केशवसुतांपासून सुरू होते आणि सावित्रीबाईंचे नाव समाजसुधारकांच्या प्रकरणात जाते. ही विभागणी अन्यायाची आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

संग्रहाच्या नावातच एक खोल अर्थ दडलेला आहे. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे होते आणि कुटुंबाने पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे, पेशव्यांना फुले पुरवल्यामुळे, ते फुले झाले. म्हणजे आडनावाने व्यवसाय सांगितला आणि व्यवसायाने जात. जातीची खूण झालेला तोच शब्द सावित्रीबाई आपल्या कवितांना देतात आणि घरात माळल्या जाणाऱ्या फुलांशेजारी लिहिल्या जाणाऱ्या फुलांना जागा करून देतात. ‘पिवळा चाफा’, ‘जाईचे फूल’, ‘गुलाबाचे फूल’ अशा शीर्षकांच्या कविता संग्रहात आहेत आणि त्या वाचताना हे फूल दुरून पाहणाऱ्याचे नसून पहाटे तोडणाऱ्या, निवडणाऱ्या, ओलसर फडक्यात गुंडाळणाऱ्या हातांच्या ओळखीचे आहे असे जाणवते. ‘फुलपाखरू व फुलाची कळी’ या कवितेत तर निसर्गवर्णनाच्या आडून स्त्रीपुरुषसंबंधांवरचे भाष्य येते : मध मिळेपर्यंत कळीभोवती घुटमळणारे आणि नंतर तिची ओळखही न ठेवणारे फुलपाखरू तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका तरुण स्त्रीने इतक्या सौम्य प्रतिमेत इतके थेट बोलावे, ही मराठी कवितेच्या दृष्टीने मोठी घटना आहे.

या संग्रहाचा दुसरा भाग फुलांचा नसून शब्दांच्या धारेचा आहे. ‘शूद्रांचे दुखणे’, ‘मनू म्हणे’, ‘इंग्रजी माऊली’ या कवितांत नांगर धरणाऱ्याला मूर्ख ठरवणाऱ्या स्मृतिवचनाला उत्तर आहे, आणि इंग्रजी शिक्षणाला आई म्हणून दिलेली हाक आहे. ही हाक आजच्या वाचकाला खटकू शकते, कारण इंग्रजी ही परक्या सत्तेची भाषा होती. परंतु ज्यांना संस्कृत पाठशाळेचे दार बंद होते आणि गावच्या पंतोजींच्या शाळेतही बाहेर बसावे लागे, त्यांच्यासाठी इंग्रजी ही जन्माची अट न घालणारी पहिली विद्या होती. सावित्रीबाईंनी भाषेला माऊली म्हटले ते विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या वारकरी भूमीत, आणि भक्तिपरंपरेतील सर्वांत मायेचा शब्द त्यांनी शाळेच्या दारात आणून ठेवला. ‘सामुदायिक संवाद पद्य’ या रचनेत इंग्रजी, शूद्र, वास्तव, जोतिबा आणि सावित्री अशी पात्रे एकमेकांशी बोलतात. कवयित्रीने स्वतःला नावानिशी पात्र म्हणून उभे करणे आणि अमूर्त कल्पनेला माणसासारखे बोलायला लावणे, हे शाळेतल्या वर्गात म्हणून दाखवण्यासाठी रचले असावे असे वाटण्याइतके नाट्यमय आहे.

त्यांच्या रचनेची चाल जुनीच आहे. ‘मातीची ओवी’ हे कवितेचे नावच जात्यावर दळताना म्हटल्या जाणाऱ्या लोकछंदाची आठवण देते. जोतीरावांनीही अभंगाच्या वळणावर रचना केल्या आणि त्यांना ‘अखंड’ असे नवे नाव दिले. पती-पत्नी दोघांनी परंपरेचे भांडे मोडले नाही, त्यात नवे पाणी ओतले, आणि त्यामागे एक व्यावहारिक शहाणपण होते. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांना वाचता येत नव्हते. त्यांना ऐकून पाठ करता येत होते, म्हणून कविता कानाच्या ओळखीच्या चालीत असणे गरजेचे होते. काही ठिकाणी सावित्रीबाईंची रचना उपदेशाकडे झुकते आणि कवितेचा पोत विरळ होतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण ज्या वेगाने ही स्त्री अक्षरओळखीपासून छापील काव्यसंग्रहापर्यंत पोचली, त्या वेगातच तिच्या कवितेचे बळ आणि तिचा खडबडीतपणा या दोन्हींचे कारण आहे.

गद्यातही त्यांचा हा आवाज ऐकू येतो. जोतीरावांना लिहिलेली त्यांची १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांची पत्रे उपलब्ध असून शेवटच्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाचे वर्णन आहे. हे सर्व लेखन मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात एकत्र आले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे पहिल्या संग्रहानंतर सुमारे एकशे चौतीस वर्षांनी ही कवयित्री सामान्य वाचकाच्या हाती एका पुस्तकात आली. पुढे २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. महाराष्ट्रातील त्यांच्या बहुतेक शिल्पांत त्या पुस्तकासह किंवा मुलींसह दिसतात. ते पुस्तक त्यांनी शिकवलेले असते. त्यांनी लिहिलेले पुस्तक कोणते, हे पाहणाऱ्याला सहसा सांगितले जात नाही.

कवीचे स्मारक वेगळ्या रीतीने करता येते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये केशवसुतांचे स्मारक उभे केले; तेथे कवीच्या जुन्या घराबरोबरच त्याच्या ओळी दगडांवर कोरलेल्या आहेत आणि झाडांमधून फिरणारा माणूस नकळत कविता वाचत जातो. भिडे वाड्याच्या जागेवरचे नवे स्मारक आणि गंज पेठेतील परिसर यांची आखणी करताना ही दृष्टी ठेवली, तर फार मोठा खर्च न वाढवता बराच फरक पडेल. बुधवार पेठेत दर्शनाला आणि खरेदीला येणारी गर्दी पुण्यातील सर्वांत मोठ्या गर्द्यांपैकी एक असते. रस्त्याकडेच्या भिंतीवर पिवळ्या चाफ्यावरची एक कविता मोठ्या अक्षरांत असेल, तर हातात पूजेची फुले घेऊन जाणारी बाई ती वाचेल, आणि वाचता येणे हीच तर त्या जागेची खरी ओळख आहे. समताभूमीवर ३ जानेवारी, ११ एप्रिल (जोतीरावांचा जन्मदिन) आणि २८ नोव्हेंबर या दिवशी राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात. त्या दिवशी भाषणे आणि पुष्पहार यांच्याबरोबर ‘काव्यफुले’चे जाहीर वाचन व्हावे, ही अपेक्षाही अवाजवी ठरू नये.

या अंगणातून बाहेर पडण्यापूर्वी सावित्रीबाईंच्या दुसऱ्या काव्यग्रंथाची आठवण करणे योग्य होईल. जोतीरावांच्या निधनानंतर ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बावनकशी हा सोन्याच्या शुद्धतेचा शब्द आहे. कसोटीच्या दगडावर अनेकदा घासून उतरलेले अस्सल सोने ते बावनकशी, आणि बावन्न पद्यांच्या या रचनेत सावित्रीबाईंनी पतीचे चरित्र आणि त्याच्या आधीचा शूद्रातिशूद्रांचा इतिहास सांगितला आहे. त्यानंतर १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या, जोतीरावांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांना आणून पोचवताना, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्यानंतर, त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. नगरपालिकेने ज्याला आपल्या अंगणात माती मिळू दिली नाही आणि पुढे ज्याच्या पुतळ्यावरून शहर दुभंगले, त्या माणसाचे पहिले स्मारक त्याच्या बायकोने कोणाचीही परवानगी न मागता बावन्न पद्यांत बांधून ठेवले होते.